बारा गायींचा आकडा

आमची आत्या सरळ उत्तर देईल तर शपथ. "जेवण कधी होईल?" विचारलं की म्हणते, "वीस मिनिटं ते पाऊण तास." बाबा वैतागतात, "अगं, एक काय ते सांग की!" मला तर हा निव्वळ आगाऊपणा वाटायचा.

पशुसंशोधन केंद्रात तिने तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षं काढली. चाऱ्यातून पोटात गेलेलं किरणोत्सारी आयोडीन दुधात किती उतरतं, हे तिने तरुणपणी बारा गायींवर मोजलं होतं. तो आकडा तिच्या सरांनी छापला. पुढे अणुभट्टीत अपघात झालाच, तर किती गावांचं दूध थांबवायचं, हा संगणकातला हिशोब त्याच आकड्यावर चालू लागला.

गेल्या वर्षी तो हिशोब तपासायला नऊ जाणकार बोलावले. आठ प्राध्यापक, त्यांत सरही, आणि नववी निवृत्त आत्या. मी तिला गाडीने घेऊन गेलो आणि मागच्या खुर्चीत ठिय्या दिला.

प्रत्येक प्रश्नाला दोन आकडे लिहायचे, एक खालचा, एक वरचा. खरं उत्तर दहापैकी नऊ वेळा त्यांच्या मध्ये सापडलं पाहिजे. शून्य ते लाख लिहून पळवाट काढणाऱ्याला गुण नाहीत. सकाळी दहा प्रश्न परीक्षेपुरते होते. त्यांची उत्तरं फक्त आयोजक बाईंना ठाऊक होती; ज्याला त्यांत जास्त गुण, त्याच्या शब्दाला पुढच्या खऱ्या प्रश्नांत जास्त वजन.

मग दुधाचा प्रश्न आला. आठही जण छापील आकड्याला चिकटून राहिले. आत्याचा वरचा आकडा त्याच्या पाचपट होता.

सर हसले. "बाई, हा आकडा तर तुमचाच! स्वतःवरच विश्वास नाही?"

आत्याने पेन खाली ठेवलं. उभ्या आयुष्यात तिच्या नावावर काय होतं? हा एक आकडा. तोच ती भर सभेत मोडायला निघाली होती.

"माझा आहे म्हणूनच सांगते, सर. बाराही गायी गोठ्यात बांधलेल्या होत्या, सुका चारा खायच्या. कुरणात चरणारी एकही नव्हती; ओल्या गवतातून दुधात जास्त उतरत असेल, तर ते कळलंच नाही. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली, आणि मी मूग गिळून बसले."

मला तिच्यासाठी भीती वाटली आणि तिचा अभिमानही.

जेवणानंतर सकाळच्या परीक्षेचा निकाल लागला. सरांच्या आकड्यांमध्ये दहापैकी तीन उत्तरं सापडली होती, आत्याच्या आकड्यांमध्ये नऊ. आता दुधाच्या प्रश्नात सर्वांत जास्त वजन तिच्याच शब्दाला मिळणार होतं. सर उठले. मला वाटलं, तरातरा निघून जाणार. पण ते तिच्या टेबलापाशी आले.

"गोठ्यातच मोजा, असं मीच म्हणालो होतो. घाई माझी होती, बाई. आता कुरणात कोण मोजेल?"

"मी," आत्या म्हणाली. वय वर्षं चौसष्ट!

यंदा गवत हिरवं झालं तशी ती गमबूट चढवून रोज कुरणात जाऊ लागली. दोन महिन्यांनी नवा आकडा हाती आला, जुन्याच्या अडीचपट. दूध थांबवायच्या यादीत आणखी अकरा गावं आली. तिथल्या पोरांच्या पेल्यात काय जाईल, याचा विचार आता आधीच झालेला असेल.

त्या दिवशी ती बूटही न काढता घरात शिरली आणि ओरडली, "अरे ऐका, माझा आकडा चुकला होता!"

इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.