वीस पेट्या आणि एक पाटी

गावाकडचे लोक मला नेहमी ऐकवतात, "तुमचं काय बुवा, तुमच्याकडे टॅक्सच नाही." मी आता वाद घालत नाही. टॅक्स नाही, पण फी आहे, दर आहेत, दंड आहेत आणि प्रत्येकाचं वेगळं ॲप आहे. अबुधाबीतल्या अल ऐनपासून पस्तीस किलोमीटरवर आमच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, वडिलांपासूनची शेतजमीन आहे. ती सांभाळायचं कंत्राट माझ्याकडे. तिथे शेती चालू आहे असं दाखवता आलं, तर पाणी आणि वीज सवलतीच्या दरात मिळते. नाही दाखवता आलं तर जमीन रिकामा प्लॉट ठरते आणि बिल पाहून पाणी पळतं तोंडचं. विहीर खारट होत गेली, खजुरांनी माना टाकल्या, तेव्हा कमी पाण्यावर भागेल असं काहीतरी दाखवणं भाग होतं. मधमाशांच्या वीस पेट्या ठेवल्या तरी चालतं, असं नियमांत मला सापडलं आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मध मला नकोच होता. मला वीस हा आकडा हवा होता.

त्या आकड्यासाठी जगन्नाथकाका माझ्या आयुष्यात आले.

खरं म्हणजे ते आमच्याच बागकामाच्या कंपनीत मजूर होते, पण मला नावानं माहीत नव्हते. मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या बागेचं काम चालू होतं, तिथे ते फरशा वाहायचे. एक दिवस एसीच्या बाहेरच्या युनिटवर मधमाशांचं मोहोळ येऊन बसलं. सुपरवायझर औषध मारणाऱ्यांना फोन लावत होता. तेवढ्यात या पन्नाशीच्या माणसानं पाण्याच्या बाटल्यांचा रिकामा खोका घेतला, शिडी लावली आणि उघड्या हातांनी माशा ओंजळीओंजळीनं खोक्यात उतरवल्या. मी पोचलो तेव्हा ते खोका मांडीवर घेऊन सावलीत बसले होते, आणि बाकीचे वीस फूट लांब उभे होते.

"चावल्या नाहीत?" मी विचारलं.

"चावल्या की चार-दोन. घाबरल्याली माशी चावायचीच."

काका जावळीकडचे. ते आणि त्यांची बायको कृष्णाबाई मिळून सातेरी माशांच्या चौदा पेट्या पाळायचे. एका वर्षी अळ्यांना रोग लागला आणि पेट्या एकामागून एक ओस पडल्या. मग काका इथे आले. नऊ वर्षं त्यांनी फरशा वाहिल्या आणि मधमाशांबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नाही. कुणी विचारलंच नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना शेतावर आणलं. पेट्या आल्या त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर चिडलो. पिकअप उभी, ड्रायव्हर लियाकत घामानं निथळतोय, आणि काका जागा ठरवत फिरतायत. शेवटी गाफच्या झाडांखाली थांबले. गाफ म्हणजे आपली शमीच, इथे फक्त नाव बदलून राहते.

"काका, आत्ता ठेवा कुठेही, नंतर शिफ्ट करू," मी म्हटलं.

"नंतर न्हाई जमत, साहेब. पेटी हलवायची तर एक तर हातभर, न्हाई तर दोन कोस. मधलं चालत न्हाई. माशी पेटी वळखत न्हाई, जागा वळखती. पेटी जरा लांब ठेवलीत तर ती जुन्या जागी येऊन घर हुडकत बसती, आणि तिथंच मरती."

मला ते ऐकून गंमत वाटली होती. घरी येऊन लतिकाला, माझ्या बायकोला, ते वाक्य मी काकांच्या आवाजात करूनही दाखवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

शेतावर काका बदलले. मजुरांच्या कॅम्पात खाली मान घालून चालणारा माणूस इथे शीळ घालायचा. उन्हाळ्यात पेट्यांवर ओली गोणपाटं टाकायचे. पसरट थाळ्यांत पाणी ठेवून त्यात खडे टाकायचे, माशांना पाय टेकायला. उन्हाळ्यात अर्ध्या माशा फक्त पाणीच वाहतात, त्या पाण्यानं पेटी आतून गार राहते, हे मला त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी कृष्णाबाईंना व्हिडिओ कॉल लावायचे आणि फोन सात नंबरच्या पेटीला टेकवून ठेवायचे. तिकडे कृष्णाबाई ऐकत बसायच्या. त्यांच्या घरातून तो आवाज गेल्याला बारा वर्षं झाली होती. मी एकदा तिथे असताना त्यांचं बोलणं कानावर पडलं.

"आज रागावल्यात," त्या म्हणाल्या.

"ऊन लई हाय," काका म्हणाले.

"मग गोणपाट भिजवा की. माझ्याशी काय बोलत बसलाय?"

पुढच्या हिवाळ्यात कृष्णाबाईंना व्हिजिट व्हिसावर आणायचं ठरलं होतं. कागद मीच करणार होतो. पासपोर्ट आला होता, फोटो काढून झाले होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना ताप आला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या.

त्याच रात्रीच्या विमानाचं तिकीट मी काढलं. अबुधाबीच्या विमानतळावर सोडायला मीच गेलो. वाटेत काका रडले नाहीत. उतरताना म्हणाले, "ती तर गेली. पेट्या तेवढ्या सांभाळा, साहेब. तिनं रोज ऐकल्याल्या माशा हायत. परत आलो की त्यांनाच कान लावून बसायचं, दुसरं मला काय ऱ्हायलंय? पाणी बदला, गोणपाटं भिजवा. दुसऱ्या कशालाबी हात लावू नका."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

नऊ दिवस मी आणि लियाकतनं सगळं नीट केलं. नवव्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला: सवलतीच्या नूतनीकरणासाठी येत्या दोन दिवसांत तपासणी, पेट्या आणि प्लॉटच्या नंबराची पाटी एकाच फोटोत दिसली पाहिजे. पाटी गेटापाशी. पेट्या दीडशे पावलं आत, झाडांखाली.

काकांना फोन करायला हवा होता. हातात फोन घेतलाही. पण दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईंचा दहावा. ज्या माणसाला सकाळी नदीवर पिंड ठेवायचाय, त्याला आदल्या संध्याकाळी प्लॉट नंबर आणि फोटोचं काय सांगायचं? मला ते बरं वाटेना. आपल्यात असं करत नाहीत. फोन खिशात टाकला आणि स्वतःला म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

अंधार पडल्यावर काका करायचे तशीच पेट्यांची तोंडं ओल्या फडक्यांनी बंद केली आणि मी नि लियाकतनं वीसच्या वीस पेट्या गेटापाशी नेऊन पाटीखाली ओळीनं मांडल्या. वर हिरवी जाळी बांधली, थाळ्या ठेवल्या. सकाळी तोंडं उघडली. माशा भराभर बाहेर पडल्या. लियाकत म्हणाला, "देखो भाई, सब ठीक है." मलाही ठीकच वाटलं.

तपासणीवाला अकराव्या दिवशी दुपारी आला. गाडीतून उतरला, एक फोटो काढला, पाच मिनिटांत गेला. संध्याकाळी काकांचा फोन आला. "माशा कशा हायत?"

"एकदम मस्त," मी म्हटलं. पेट्या मी सकाळी गाडीतूनच पाहिल्या होत्या.

बाराव्या दिवशी लतिका माझ्याबरोबर शेतावर आली. ती गाफच्या झाडांकडे गेली आणि तिथूनच तिनं मला हाक मारली. जिथे जिथे पेटी होती, तिथे तिथे जमिनीवर मेलेल्या माशांचा ढीग होता. वेगवेगळे वीस ढीग. अजून काही माशा त्यांच्यावर घिरट्या घालत होत्या. पाणी घेऊन त्या जुन्या घरी आल्या होत्या आणि घर तिथे नव्हतं. गेटापाशी गेलो तर पाणी आणणारं कुणी न उरल्यामुळे पेट्या आतून तापल्या होत्या. मेणाची पोळी वितळून खाली बसली होती. पेट्यांच्या तोंडांतून मध आणि मेण मिसळून वाळूत ओघळत होतं. लतिकानं सात नंबरचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

त्या रात्री आम्ही पेट्या परत झाडांखाली नेल्या. ढीग झाडून टाकले, गेटापाशी वाळू पसरली. तीन पेट्यांत जेमतेम धुगधुगी होती. सात नंबर त्यांत नव्हती.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी काका आले. डोकं भादरलेलं, हातात पिशवी. मी गेटातच गाठून सांगितलं, "काका, फार वाईट झालं. हीट वेव्ह आली होती."

ते झाडांखाली गेले. सात नंबरसमोर उकिडवे बसले, झाकण काढलं. पेटीला कान लावून बराच वेळ बसले. मग उठून गेटाकडे चालत आले, जिथे मुंग्या लागल्या होत्या तिथली वाळू पायानं बाजूला केली. खाली मेणाचे पिवळे डाग होते.

"हितं का आणल्या?"

मला पुढे खोटं बोलवेना. तपासणी, पाटी, एकच फोटो, सगळं सांगितलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी फोन करायला जीव झाला नाही, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते पाटीपाशी गेले, तिच्यामागे हात घालून त्यांनी बोटांनी चाचपलं.

"चारच नट हायत, साहेब," ते म्हणाले. "पाना माझ्या खोलीत खिळ्याला हाय. बोर्ड तिकडं न्यायचा व्हता."

मी इंजिनीयर आहे. पंधरा वर्षं माणसं, यंत्रं आणि माती हलवतोय. पाटी हलवता येते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

उरलेल्या तीन पेट्या काकांनी जुलैपर्यंत कशाबशा ओढल्या. मग त्याही थंड पडल्या. त्याच आठवड्यात सवलत मंजूर झाल्याचं पत्र आलं, आणि अरबाबनं मला फोनवरून शाबासकी दिली. काका ऑफिसात आले, खुर्चीवर बसले नाहीत. "माझं कॅन्सल करा," म्हणाले.

"काका, सीझनला नवीन माशा मागवू. खर्च मी करतो, कंपनीला विचारत नाही."

"नव्या माशा तिनं कुठं ऐकल्यात?"

मी व्हिसा कॅन्सल केला. विमानतळावर मीच सोडलं, त्याच रस्त्यानं. जाताना त्यांनी मला नमस्कार केला, आणि तो घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा शेतावर गेलो होतो. काकांच्या खोलीतला पाना खिळ्याला तसाच होता. पाटी सोडवली, खांद्यावर घेऊन गाफच्या झाडांखाली नेली आणि रिकाम्या पेट्यांमागे बसवली. जायला यायला धरून दहा मिनिटं लागली.