एकानंतर चार

“ये नंबर हटा दो, यार. सरकारी फॉर्म लग रहा है,” अनुज म्हणाला.

अनुज माझा बॉस. गुडगावात वेबसाइट बनवणारी आमची एजन्सी होती. मेट्रोचे खांब तेव्हा नुकते उभे राहत होते. काचेच्या इमारती आधी आल्या होत्या, वीज मागून येत होती. त्यामुळे इन्व्हर्टरचा धंदा जोरात होता. अशाच एका इन्व्हर्टर कंपनीची वेबसाइट आमच्याकडे आली होती आणि तिचं कोडिंग माझ्याकडे होतं. डिझायनरने काढलेलं पान ब्राउझरला समजेल अशा भाषेत लिहायचं, हे माझं काम.

वाद एका पानावरून होता. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडतात त्या टोकांवर, पांढरा-हिरवा खार जमतो. तो घरच्या घरी कसा साफ करायचा, याच्या हिंदीतल्या सहा पायऱ्या. मेन लाइनचा प्लग काढा. इन्व्हर्टरचं बटण बंद करा. खिडक्या उघडून थोडा वेळ थांबा. काळी वायर सोडवा. लाल वायर सोडवा. मग टर्मिनल पुसून घ्या.

वेबच्या भाषेत यादी लिहायचे तीन प्रकार आहेत. किराण्याच्या यादीसारखी असेल, म्हणजे साखर आधी की चहा आधी याने फरक पडत नसेल, तर तिला यूएल म्हणतात. तिथे नुसते ठिपके येतात. पुरणपोळीच्या कृतीसारखी असेल, एकामागून एकच करायचं असेल, तर ओएल. तिथे ब्राउझर स्वतःच आकडे घालतो. आणि शब्द व त्याचा अर्थ अशा जोड्या असतील तर डीएल. पान रंगीत असो की साधं, मोठ्या स्क्रीनवर असो की छोट्या, यादी कोणत्या जातीची आहे हे कोडमध्येच लिहिलेलं असतं. दिसणं नंतर येतं.

मी अर्थातच ओएल वापरली होती.

क्लायंटची ब्रँड मॅनेजर होती शालिनी मॅडम. तिला आकडे हवे होते, पण जाहिरातीत होते तसे, मोठे, नारिंगी, हाताने रंगवल्यासारखे. मी म्हटलं, ठीक आहे. ओएल तशीच ठेवून आकड्यांच्या जागी चित्रं दिसतील असं केलं. ते आमच्या मशीनवर छान दिसलं. क्लायंटच्या डायरेक्टरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चित्रं जराशी सरकली. झालं. अनुजने निरोप आणला, “टेबल में डाल दो. खतम करो.”

टेबल म्हणजे चौकटींचा तक्ता. डावीकडे एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. मी दोन उभे कप्पे केले, डाव्यात पहिल्या तीन पायऱ्या, उजव्यात पुढच्या तीन. निदान क्रम तरी शाबूत राहिला. तर शालिनी मॅडमचा फोन आला की समोरासमोरचे चौकोन एकाच उंचीचे दिसले पाहिजेत. तेव्हाच्या साधनांत ते एकाच रीतीने जमायचं, आडव्या ओळी करून. पहिल्या ओळीत एक आणि चार, दुसरीत दोन आणि पाच, तिसरीत तीन आणि सहा. डोळ्यांना आकडे दिसतायत तोवर काही बिघडत नाही. पण कोडमध्ये मात्र एकानंतर चार येतो.

एक आधार उरला होता. चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी वाचता येईल असा मजकूर चित्राला जोडता येतो. मी प्रत्येक आकड्याला तो जोडला होता. जुन्या ब्राउझरमध्ये चित्रावर माउस नेला की तोच मजकूर पिवळ्या चौकोनात वर यायचा. रिव्ह्यूच्या मीटिंगमध्ये शालिनी मॅडमने माउस नेला.

“ये पीला डब्बा क्या आ रहा है? हटाइए इसे.”

मी म्हटलं, “मॅम, चित्रं बंद असतील तर आकडे गायब होतील. आणि छोट्या फोनचे ब्राउझर टेबल मोडून सगळं एकाखाली एक लावतात. तिथे क्रमच चुकेल. या पायऱ्या उलटसुलट झाल्या तर धोका आहे.” अर्थात हे सगळं हिंदीत बोलले.

मॅडम हसली. “इन्व्हर्टर खरीदनेवाला फोन पे वेबसाइट देखेगा?”

अनुजही हसला. मग मीटिंग संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुम मराठी लोग हर बात में प्रिन्सिपल ले आते हो. क्लायंट खुश, हम खुश. चलो.”

मी त्याच दिवशी अनुजला आक्षेप मेलवर लिहून पाठवला. उत्तर एका शब्दाचं होतं, ‘नोटेड’. मी तो मजकूर काढून टाकला आणि पान लाइव्ह झालं. दिसायला खरंच सुंदर होतं. क्लायंटने मिठाई पाठवली.

काही महिन्यांनी अनुजने मला केबिनमध्ये बोलावलं. शालिनी मॅडम समोर बसली होती. दिल्ली कँटमध्ये, म्हणजे लष्करी छावणीत, एका फौजी हवालदाराच्या घरी कंपनीची बॅटरी फुटली होती. त्याची बायको टर्मिनल साफ करत होती. ॲसिड तिच्या चेहऱ्यावर आणि उजव्या डोळ्यात गेलं होतं. कस्टमर केअरने सांगितलं, तुम्ही सूचना पाळल्या नाहीत. ती बाई एकच म्हणत होती, मी वेबसाइटवर वाचूनच केलं.

“महाराष्ट्रियन फॅमिली है,” अनुज म्हणाला. “तुम साथ जाओ. अपनी भाषा में समझाओ. बस एक कागज पे साइन चाहिए.”

गाडीत मी तो कागद वाचला. ग्राहकाने सूचनांचा क्रम पाळला नाही, असं त्यात लिहिलं होतं.

सारिका जाधव फॅमिली क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहायची. नवरा प्रकाश वर लेहकडे पोस्टिंगला होता. कोल्हापूरकडची, तिशीच्या आतली, बोलायला सरळ. उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि गालापासून गळ्यापर्यंत कातडी काळवंडून ओढल्यासारखी झाली होती. मी मराठीत बोलले तशी तिने मला हाताला धरूनच आत नेलं. म्हणाली, “या ताई, बसा. मॅडम, आप भी बैठिए. चहा ठेवते.” आम्ही नको म्हणत असतानाही तिने ठेवला. गॅस पेटवताना तोंड लांब धरत होती.

शालिनी मॅडमने आमच्या पानाची रंगीत प्रिंट टेबलावर ठेवली. आवाज मऊ होता. “देखिए सारिकाजी, यहाँ साफ लिखा है. एक, दो, तीन. बटन बंद करना दूसरे नंबर पे है. काली वायर चौथे पे.”

सारिका प्रिंटकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, मी हे बघितलंच नाही. माझ्या फोनवर असं नव्हतं.”

तिने फोन आणला. बटणांचा, छोट्या स्क्रीनचा. चित्रं बंद करून ठेवलेली. “ह्यांनीच शिकवलंय. फोटू बंद ठेवले की नेट पुरतं,” ती म्हणाली. पान तिने सेव्ह करून ठेवलं होतं, कारण खार परत जमला तर परत लागेल. तिने ते उघडलं आणि चांगल्या डोळ्याजवळ धरून एकेक ओळ वाचून दाखवली. हिंदी स्वच्छ वाचत होती.

मेन लाइनचा प्लग काढा. काळी वायर सोडवा. इन्व्हर्टरचं बटण बंद करा. लाल वायर सोडवा. खिडक्या उघडून थोडा वेळ थांबा. टर्मिनल पुसून घ्या.

आकडा एकही नाही. एकानंतर चार.

काय झालं असणार ते मला कळलं. प्लग काढला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो बॅटरीवर घर चालवायला लागतो. पंखा, फ्रिज, सगळा भार त्या दोन वायरींवर. अशा वेळी काळी वायर ओढली की ठिणगी उडते. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा गॅस निघालेला असतो, आणि खिडकी उघडायची पायरी तर तिच्या फोनवर पाचवी होती.

“मी एकेक वाचून केलं, ताई,” सारिका म्हणाली. “वाचायचं, करायचं, मग खालचं वाचायचं. घाई नाही केली. पण सगळे म्हणतात तूच काहीतरी उलटं केलंस. हेसुद्धा फोनवर ओरडले, तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला. हॉस्पिटलात मी तेच तेच आठवत बसायचे. आता मलाच वाटायला लागलंय की माझंच चुकलं. खरं सांगा, माझं चुकलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही बरोबर केलंत. पान चुकलंय. ते पान आम्ही बनवलंय.”

ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. पट्टीखाली पाणी जाऊ नये म्हणून पदराने ती तो डोळा दाबून धरत होती.

“क्या बोल रही है?” शालिनी मॅडमने विचारलं.

मी फोन तिच्यासमोर धरला. तिने वाचलं. तिला समजलं, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. क्षणभरच. मग तिने पेन पुढे केलं. “सारिकाजी, कंपनी आपको नया इन्व्हर्टर देगी, इलाज भी देखेगी. यहाँ साइन कर दीजिए.”

“सही करू नका,” मी मराठीत म्हटलं. “हा फोन जपून ठेवा, हे पान पुसू नका. मी लिहून देते काय झालं ते. लागेल तिथे येऊन सांगेन.”

“व्हॉट आर यू टेलिंग हर?”

“साइन मत करो, ये बोला,” मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर धौला कुआँपाशी मॅडमने अनुजला फोन लावला आणि माझ्याच शेजारी बसून म्हणाली, “तुम्हारी लडकी ने सब बिगाड दिया.”

ऑफिसात पोहोचले तर पान बदललेलं होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाकडून अनुजने ते करून घेतलं होतं. मी कोड उघडून पाहिला. ओएल. सहा ओळी, सरळ, क्रमाने. नारिंगी आकडे गेले होते आणि साधे काळे आकडे होते, ब्राउझरने घातलेले. त्याला जेमतेम चहा पिण्याइतका वेळ लागला असेल. जे महिनोन्‌महिने अशक्य होतं, ते माझी गाडी कँटमधून निघून सायबर सिटीतल्या ऑफिसात पोहोचेपर्यंत झालं होतं. कुणाच्या डायरेक्टरला विचारावंही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी अनुजने मला एक मेल पाठवायला सांगितला. पान पहिल्यापासून असंच होतं, असं डेव्हलपर म्हणून मी क्लायंटला लिहून द्यायचं. मी नकार दिला. माझा जुना आक्षेपाचा मेल त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला आणि थंडपणे म्हणाला, “इसमें तो मैंने नोटेड लिखा है ना. फिर बनाया किसने? तुमने.”

तो बरोबर होता, म्हणूनच ते जास्त झोंबलं. पुढच्या महिन्यात टीमची फेररचना झाली आणि माझी जागा तिच्यात नव्हती.

सारिकाला मी सगळं लिहून पाठवलं, सहीनिशी. ग्राहक न्यायालयात काम करणाऱ्या एका वकिलाला भेटून आले. केस उभी राहते, असं तो म्हणाला. सारिका तयार होती. नवरा रजेवर आला की जाऊ, असं ठरलं.

रजा संपत आली तेव्हा तिचाच फोन आला.

“ताई, ह्यांनी सही केली.”

“का?”

“बदली आली. परत लांब. म्हणाले, तारखांना कोण जाणार, तू एकटी? कंपनीवाल्या मॅडम घरी आल्या होत्या. नवीन बॅटरी देऊन गेल्या.” पुढे म्हणाली, “ह्यांना मी तुमचा कागद दाखवला. वाचला त्यांनी. म्हणाले, बरं, नसेल तुझं चुकलं. पण आता काय करायचं, एक डोळा तर आहे ना.”

“आणि डोळ्याचं डॉक्टर काय म्हणाले?”

“उजेड कळतो. माणूस कळत नाही.”

तिने मलाच धीर दिला. कधी कोल्हापूरकडे आलात तर घरी या, म्हणाली. मी हो म्हटलं. गेले नाही. कुठल्या तोंडाने जायचं होतं?

त्या इन्व्हर्टर कंपनीच्या फाइलमध्ये आजही तो कागद असेल. ग्राहकाने सूचनांचा क्रम पाळला नाही. खाली सही, नवऱ्याची. अनुज नंतर मोठ्या कंपनीत गेला. एका कार्यक्रमात तो ‘युजरचा आधी विचार करा’ या विषयावर बोलला, असं मला कुणीतरी सांगितलं. त्याला टाळ्याही पडल्या म्हणे.

मी आता नोएडात नव्या मुलांना फ्रंटएंड, म्हणजे वेबसाइटची दिसणारी बाजू, शिकवते. यूएल कधी आणि ओएल कधी, हा प्रश्न दर बॅचला येतो. मी पुस्तकातली व्याख्या सांगत नाही. म्हणते, यातल्या कुठल्याही दोन ओळींची मनात अदलाबदल करा आणि कुणाचं काय बिघडेल ते बघा. काहीच बिघडत नसेल तर यूएल. बिघडत असेल तर ओएल, आणि त्यावर मीटिंग घ्यायची नाही. मीटिंग घेतलीत तर निर्णय त्याच माणसाचा होतो ज्याचं काहीच बिघडणार नसतं.