येताना तीनच तास

निनादने आपल्या मेलेल्या भावाला भांडणात चारी मुंड्या चीत केलं. छे, असं काही झालंच नाही. झालं ते एवढंच, की रविवारचं मटण जरा जास्त झालं आणि मिरजेच्या घरात, सोफ्यावर, निनादचा डोळा लागतोय.

लागता लागता आईचा आवाज कानावर येतो. शेजारच्या मगदूमकाकूंना ती पुन्हा तेच सांगतेय. "आमच्या परागला सिंगापूरला जायला आठ तास लागायचे बघा. मुंबईहून रात्री साडेअकराला निघाला की तिथं सकाळी साडेसात. पण येताना? आठला बसला की अकराला मुंबईत. तीनच तास! घराची ओढ म्हणतात ती ही."

जाता-येता साडेपाचच तास लागतात. बाकी सगळी दोन देशांच्या घड्याळांमधल्या अडीच तासांची करामत. निनादला हे पाठ आहे. पराग वारून वर्ष झालं तरी निनाद हे आईला बोललेला नाही. एकोणचाळीसशे किलोमीटरवरून येणाऱ्याची ओढ मोजता येते. जो मुळात कुठं गेलाच नाही, त्याची कशात मोजणार?

सोफ्याला आता खिडकी आहे आणि निनादच्या पोटावर पट्टा. खाली ढग. खिडकीशी पराग बसलाय, आणि मधल्या वाटेनं मगदूमकाकू ट्रॉली ढकलत ताक वाटतायत.

"दादा, मेल्यावरही खिडकी तुलाच?"

"आधी आलो ना."

हेही खरंच. सगळीकडे हाच आधी. जन्माला, सिंगापूरला, वर.

"आईला सांग, येताना साडेपाच तास लागतात."

"तू सांग की."

"मी सांगितलं तर म्हणेल, जळतो."

"जळतोसच की."

"जळतोय तर! मी कामावरून रोज अकरा मिनिटांत घरी येतो. ओढ म्हणतं का कुणी? म्हणते, चप्पल बाहेर काढ."

विमान आता मिरज स्टेशनच्या पुलाखालून चाललंय, पंख अंगाशी चोरून. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

पराग इकडे तोंड वळवतो. "शेवटची कधी रागावली तुझ्यावर?"

"आज सकाळीच. दूध उतू घालवलं. गाढवा म्हणाली."

"गाढवा?" परागचा चेहरा पडतो. "मला सिंगापूरला गेल्यापासून अकरा वर्षांत एकदाही नाही. जावयासारखं वाढायची. आणखी काय म्हणाली?"

"तुझ्यापेक्षा भिंत बरी, निदान खुंटी तरी ठोकता येते."

पराग डोळे मिटून ते ऐकतो, अत्तर हुंगावं तसं. हा जळतोय. चक्क जळतोय! निनादला क्षणभर जिंकल्यासारखं वाटतं.

"साडेपाचचं नको सांगूस तिला," पराग हळूच म्हणतो. "त्या घरात माझं तेवढंच उरलंय."

"ऊठ की रे, लोळतोय नुसता! चार वाजले."

आईच्या हाकेनं निनाद उठतो. बनियन वर सरकलाय आणि पोटावर आडवा लाल पट्टा उमटलाय, मधोमध बकलाचा चौकोन. अंगात नाडीचा पायजमा आहे. विमानात तो जन्मात बसलेला नाही.

"काय रे," मगदूमकाकू विचारतात, "येताना खरंच तीनच तास?"

आई त्याच्याकडे बघते.

"तीनच, काकू."

मग चहा घेता घेता तो कागद ओढतो आणि लिहितो: महोदय, सिंगापूर ते मुंबई हे अंतर परतीच्या प्रवासापुरते तीन तासांत बसेल इतके कमी करण्यात यावे, ते शक्य नसल्यास, घड्याळांतील फरक मिरजेत कोणासही समजावून सांगू नये असे आदेश सर्व संबंधितांना देण्यात यावेत, ही नम्र विनंती.