मुके मिस्त्री आणि भुऱ्या

बस डेपोत त्यांना सगळे मुके मिस्त्री म्हणत. जीभ होती, पण कामापुरती. "पाना दे", "ब्रेक दाब", "झालं", एवढ्यात त्यांचा दिवस भागायचा. घरात त्यांच्या वाटणीचं बोलायला लेक होता. पोरगं म्हणजे नुसती टकळी. आईशी बोले, बापाच्या वतीनंही बोले, आणि उरलंसुरलं भुऱ्याशी, म्हणजे त्यानंच रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याशी.

त्या लेकाला कामावर जाताना ट्रकनं उडवलं.

मग घरात तीन जीव उरले आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. बायको लेकाच्या खोलीत भिंतीकडे वळून पडलेली. भुऱ्या बाहेरच्या दाराशी. जिन्यात पाऊल वाजलं की कान टवकारी, आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून गेलं की असा कण्हे की ऐकवत नसे. मिस्त्री दोघांच्या मधे, एका हातात ताट, दुसऱ्या हातात वाडगा. ताट जसंच्या तसं परत येई. वाडगाही.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी भुऱ्याचं रक्त तपासलं, सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. "आजार असा काही नाही, यानं हाय खाल्लीय," ते म्हणाले. "पण पोटात काही गेलं नाही तर मूत्रपिंडं जातील. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

दवाखान्याच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मिस्त्रींचा चेहरा बघून त्यांनी आपणहून विचारपूस केली. घर बदललं तेव्हा त्यांचं मांजर स्वतःचं अंग ओरबाडून घ्यायचं. कुणीतरी टॅपिंग, म्हणजे बोटांनी हलकं टकटकणं, शिकवलं, तेव्हापासून निवळलं, म्हणाल्या. मिस्त्रींचा काळवंडलेला हात त्यांनी बिनदिक्कत हातात घेतला आणि मागच्या बाजूला बोटांच्या टोकांनी टकटक करून दाखवलं.

"इतकं हलकं. डोक्यावर, डोळ्याखाली, छातीवर, बरगडीवर. आणि करताना त्याचं दुःख बोलून दाखवायचं. 'तू घाबरलायस, तरी तू आमचा आहेस,' असं काहीतरी. गोळ्या मात्र चालू ठेवायच्या हं."

"बोलायलाच लागतं?"

"मग! मुक्यानं कसं होईल?"

मिस्त्री कसनुसं हसले. दैवानं नेम बरोबर धरला होता.

बुडत्याला काडीचा आधार. कामावरून आले की ते कोपरापर्यंत हात घासत, ग्रीसचा वास जाईपर्यंत, आणि दाराशी फरशीवर बसत. "भुऱ्या," म्हणत, आणि तिथंच गाडी बंद पडे. डेपोत चाकाचे नट हातोडीनं ठोकले की सैल कुठला ते त्यांना आवाजावरून कळे. इथं बोटांखाली नुसत्या बरगड्या लागत आणि कळत काहीच नसे. "तू जेवत नाहीस," एवढं एकदा कसंबसं बोलले. कुत्र्यानं मान फिरवली.

पुढे भुऱ्याला उभंही राहवेना. डॉक्टर फोनवर म्हणाले, "उद्या घेऊन या. पण मनाची तयारी करून या."

फोन ठेवून मिस्त्री कामावरून आले तसेच खाली बसले. हातही धुतले नाहीत. भुऱ्याच्या कपाळावर बोटं टेकवली मात्र, आणि इतके दिवस अडकलेलं एकदम सुटलं.

"दाराकडे बघू नकोस रे. तो नाही येणार. तो गेला. चादर बाजूला करून मीच ओळखलं त्याला. तोंडावरून नाही ओळखता आलं... मोज्यांवरून ओळखलं. माझेच मोजे घालून गेला होता. तू वाट बघतोयस, तरी तू आमचा आहेस. आता तूही गेलास तर मी या घरात कुणाला..."

"कुठले मोजे?"

बायको खोलीच्या दारात उभी होती. केस पिंजारलेले, एक हात चौकटीवर.

"कुठले मोजे, अहो? मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढत गेला. "कुत्र्याला सांगताय! मला काय म्हणालात आजवर? गोळी घेतलीस का. दार लावून घे. गॅस बंद केलास का. माझा कुणीच नव्हता का तो? मला वाटायचं, या माणसाला काही झालंच नाही!"

ती पुढे आली आणि त्यांच्या खांद्यावर मुठी मारत राहिली. मिस्त्रींनी तिला अडवलं नाही. अंगात बळ नव्हतंच तिच्या; थोड्या वेळानं ती तिथंच मटकन खाली बसली.

"मला नाही येत गं बोलता," ते म्हणाले. "तो बोलायचा ना."

तिनं तोंडावरचे केस मागे सारले. मग तिची नजर भुऱ्यावर गेली. "अगं बाई, किती वाळलाय हा!" म्हणाली, जणू आत्ताच बाहेरगावाहून आली होती. मिस्त्रींनी पुन्हा बोटं चालवायला घेतली, तसा तिनं त्यांचा हात बाजूला सारला. "असं काय ठोकताय? टायर आहे का तो?" आपली बोटं तिनं कुत्र्याच्या छातीवर ठेवली. हलकी पडत होती ती. "सांगा. सगळं सांगा."

मिस्त्रींनी सांगितलं. नजर कुत्र्यावर आणि बोलणं तिच्याशी. मधेमधे थांबत, मागचं पुढे करत. ती रडत होती आणि बोटं चालू होती.

भुऱ्या त्या संध्याकाळीही जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सलाईन. घरी आल्यावर बायकोनं बोट कोमट सुपात बुडवून त्याच्या तोंडाशी धरलं. त्यानं आधी हुंगलं, मग एकदा चाटलं, मग पुन्हा. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतोच. शिक्षिकाबाई म्हणाल्या, बघा, टॅपिंग! मिस्त्रींनी दोघांपुढेही मान डोलावली.

गुण आला तो मात्र अर्धामुर्धा. मागच्या पायांतलं बळ परतलं नाही, जिना उतरवेना. एकट्यानं उचललं तर कळवळून ओरडे. म्हणून त्याला जुन्या चादरीवर निजवायचं आणि दोन टोकांना दोघांनी धरून खाली न्यायचं असं ठरलं. एखाद्या दिवशी बायको अजूनही भिंतीकडे तोंड करून पडते. तेव्हा मिस्त्री दारात उभे राहतात. "अगं, त्याला खाली न्यायचंय," म्हणतात. उत्तर आलं नाही तरी उभेच राहतात. कधीतरी ती उठते, केस बांधते, चादरीचं टोक धरते.

"हळू," ती पहिल्याच पायरीवर म्हणते. "तुमची बाजू वर करा थोडी."