घाईत पाहिलेला तारा

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे आईबाबांना सांगता आलं नसतं. पण तो शांततेत करायचा असतो, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मी पुस्तक उघडलं की बाबा टीव्हीचा आवाज पार बंद करायचे आणि मुक्या बातम्या बघत बसायचे.

त्यामुळे संध्याकाळी मी कोराडीच्या आमच्या भाड्याच्या घराच्या स्लॅबवर तारे पाहायला जाऊ लागलो, तेव्हा त्यांनी तोही अभ्यासच धरला. बाबा वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी कामाला आहेत. ड्यूटीहून आले की आधी, वर उजेड नको म्हणून, जिन्यातला बल्ब काढून ठेवायचे. शेजारच्या स्लॅबवर कोणी मोबाइलवर मोठ्यानं बोलत असलं तर खालूनच हाक द्यायचे, "हळू बोल ना गा, पोरगं शिकून राहिलं."

तो खरंच अभ्यास होता का, हे मलाही ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या फलकावरची चिठ्ठी वाचून मी सक्करदऱ्याच्या एका गटात जाऊ लागलो होतो. दर रविवारी संध्याकाळी एका निवृत्त काकांच्या घरी सात-आठ जण जमत. त्यांचं काम होतं तेज बदलणारे तारे पाहायचं. काही ताऱ्यांचं तेज हळूहळू कमीजास्त होतं, आणि ते किती झालं हे नुसत्या डोळ्यांनी, आजूबाजूच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून सांगता येतं. माझ्याकडे दुर्बीण नाही म्हटल्यावर मला काक्षी मिळाला. मृगातला तो मोठा तांबडा तारा. प्रश्वा हा तारा त्या दिवसांत त्याच्याहून जरा उजळ होता आणि रोहिणी जरा मंद. काक्षी या दोघांच्या मध्ये कुठे बसतो, ते ठरवून त्याच्या तेजाचा आकडा कळवायचा.

आकडा कळवायचा तो फक्त ताईंना. ताई एका शाळेत गणित शिकवतात आणि सगळ्यांचे आकडे त्याच पुढे पाठवतात, जगभरच्या नोंदी जमा होतात तिथे. दुसऱ्याचा आकडा रविवारपर्यंत कोणाला कळू द्यायचा नाही, हा गटाचा नियम. कळला की डोळे त्याच्याकडे झुकतात, असं ताई म्हणायच्या.

माझे आकडे जुळत नव्हते. काक्षी तर सगळेच पाहत; बाकीचे त्याला प्रश्वाच्या खाली ठेवत आणि मी वर, म्हणजे जास्त उजळ. थोडाथोडका नाही, चांगलाच वर. ताईंनी सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन सांगितलं, "तुझे आकडे सध्या पाठवत नाही. जुळायला लागले की पाठवू. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटलंच. कोराडीच्या बसमध्ये मी एकच विचार करत बसलो. इतरांना जे दिसतं ते मला दिसत नसेल तर? वर्गातही मला असंच वाटायचं, की सगळ्यांना काहीतरी आधीपासून दिसतंय. दुसऱ्या दिवसापासून मी जास्त मेहनत घ्यायला लागलो. आधी दहा मिनिटं पाहायचो, आता अर्धा तास. पापणी न लवता. वीज केंद्राच्या चिमण्यांवरच्या लाल दिव्यांकडे पाठ करून. डोळ्यांत पाणी यायचं, पण काक्षी प्रश्वाच्या वरच.

पुढच्या रविवारी कोणीतरी म्हणालं, "कोराडीत राख किती आहे. त्यानं होत असेल."

काका हसले. "राखेनं तारा फिका पडते ना गा. याचा उजळूनच राहिला. तशी राख असती तर आपण विकत आणली असती."

सगळे हसले, मीही हसलो. मग हिंमत करून म्हणालो, "माझे डोळेच तसे असतील तर मी थांबतो. उगाच तुमचं काम नको बिघडायला."

ताई आपल्या फोनमध्ये माझे जुने संदेश वर सरकवत होत्या. मध्येच थांबल्या. "हे दोन जुळतात की. मंगळवारचा आणि शुक्रवारचा. मी वगळले, कारण तूच लिहिलंयस, 'घाईत पाहिलं, माफ करा, धरू नये.'"

"त्या दोन दिवशी काय करून राहिला होता तू?" काकांनी विचारलं.

मला लाज वाटली. "दोन्ही दिवशी नळ उशिरा आला होता. आईबरोबर पाणी भरत होतो. ड्रम भरेपर्यंत वर जाऊन नुसतं पाहून आलो."

"आन् बाकी दिवशी किती वेळ पाह्यतं?"

"अर्धा तास. सलग."

"एकट्या काक्षीकडे?"

"हो."

काकांनी कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा, लाल ताऱ्याकडे असं टक लावून नाही पाहत कोणी. जितकं पाहशील तितका तो डोळ्यात भरत जाते, उजळ वाटत जाते. नजर टाकायची आन् काढून घ्यायची. इकडे एक, तिकडे एक. हे तुले कोणी सांगितलंच नाही का?"

ताईंनी काकांकडे पाहिलं. "सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल."

मग त्या मला म्हणाल्या, "तुझे डोळे ठीक आहेत. हे दोन पाठवते."

बसमध्ये त्या रात्री मी उभा होतो, पण ते घरी पोचल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या संध्याकाळी बाबांनी बल्ब काढला आणि मी वर गेलो. प्रश्वा, काक्षी, रोहिणी, पुन्हा काक्षी. आकडा पाठवला आणि खाली उतरलो. बाबांच्या हातात बल्ब तसाच होता.

"काहून गा? झालं एवढ्यात?"

"झालं."

"कोणी काही बोललं का तुले तिथं?" आवाज नेहमीसारखाच होता, पण ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी सोडून दिलं, असं त्यांना वाटलं असावं.

मी त्यांना वर नेलं. काक्षी दाखवला आणि म्हटलं, याच्याकडे एकटक बघा. खाली आईनं ताटं घेतली, आम्हाला हाक मारली, पुन्हा मारली. बाबा हलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "वाढून राहिला गा हा."

"आता मान फिरवा. मग फक्त एकदा बघा."

त्यांनी तसं केलं. जिना उतरताना त्यांनी बल्ब परत लावला, आणि आत जाऊन टीव्हीचा आवाज, फार नाही, थोडासा वाढवला.