पूल झाला, बेट गेलं

माझ्या पोटावर पाय दिला तो परक्या कुणी नाही, सख्ख्या बहिणीने. बेटावरून पलीकडे माणसं नेणारी तर, म्हणजे होडी, मी चालवायचो, आणि ताईने तिथे पूल बांधला. एकटीने नाही हो, पण बांधकाम खात्याची इंजिनिअर तीच आणि दिवसभर उन्हात उभी राहून गवंड्यांवर ओरडणारीही तीच. पूल सुरू झाला त्या दिवशी माझ्या तरीत एक म्हातारा आणि त्याच्या दोन बकऱ्या एवढेच बसले. वर म्हातारा म्हणतो, "शेवटची फेरी ना? मग फुकट ने की!"

पण ताईचा जीव पुलात नव्हताच, तो पाण्यात होता. आमच्या विहिरी मचूळ होत चालल्या होत्या. ती मला समजवायची, "अरे, जमिनीखाली खारं पाणी आहे आणि त्याच्यावर गोड्याचा पातळ थर. जो तो पंप लावून उपसतोय, मग खारं वर येणार नाही तर काय?" यावर करायचं काय, हे मात्र तिला पुरतं माहीत नव्हतं. तेच तिला शिकायचं होतं. बेटांवर पाणी, वीज असल्या टिकाऊ सोयी उभारणाऱ्या इंजिनिअरांसाठी एक शिष्यवृत्ती होती. दोन वर्षांचं पुढचं शिक्षण, फी आणि राहणं त्यांच्याकडे, अट एकच, शिकून परत बेटावर यायचं. "ही काय अट झाली?" ताई हसली. "मी दुसरीकडे जाणार कुठे?"

तिने अर्ज केला तेव्हा पूल अर्धाच होता आणि पुरा व्हायला वर्ष तरी लागेल असं सगळे धरून चालले होते. मग आईला झटका आला. बाहेर वारा असा सुटला होता की पलीकडच्या दवाखान्यात जायला होडी पाण्यात घालणं म्हणजे सगळ्यांनाच बुडवणं. वारा पडेपर्यंत आम्ही आईला घेऊन धक्क्यावरच्या शेडमध्ये बसून राहिलो. आई वाचली, पण उजवं अंग गेलं ते गेलंच. त्यानंतर ताईने पुलाचं काम असं काही अंगावर घेतलं की काही विचारू नका. ठेकेदाराच्या मागे हात धुऊन लागली, साहेबांशी भांडली, आणि वर्षाचं काम काही महिन्यांत उरकून घेतलं. पोरं तिला पूलताई म्हणायला लागली.

पूल झाला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत झक्क झाली म्हणे. विहिरींवर ती बोलत राहिली आणि समोरचे माना डोलवत राहिले. उठता उठता एकाने सहज विचारलं, "तुमच्या बेटावर यायचं कसं? बोटीने?"

आमच्या ताईच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! खुलून म्हणाली, "छे, आता थेट गाडीने या. पूल झालाय. मीच उभी राहून बांधून घेतलाय."

त्यांनी अभिनंदन केलं, चहा पाजला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. त्या बिचाऱ्या फार चांगलं बोलल्या. ताईचं काम सगळ्यांना आवडलं होतं, पण जिथे रस्त्याने जाता येतं त्या गावाला ते बेट धरत नाहीत, नियमच तसा. आम्ही जन्मभर स्वतःला बेटावरचे म्हणत आलो, तो शब्द कुणी असा काढून घेईल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, खोटं बोल म्हणत नाही मी, पण पुलाचं कौतुक तिथे सांगायला कुणी सांगितलं होतं?"

"विचारलं त्यांनी."

"बरं, मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पूल पडणार आहे का?" असं म्हणून ती आईचं अंग पुसायला आत गेली.

बाकीच्या शिष्यवृत्त्या नुकत्याच पास झालेल्या पोरांसाठी. स्वतःच्या खर्चाने जावं, तर आईचं अंथरूण आणि माझी बंद पडलेली होडी. ती गेली नाही. मला अजून हळहळ वाटते. आईला झटका आला नसता तर पूल रखडला असता, आणि ताई शिकून परत आली असती. हे असलं मनात येतं, आणि मग आईकडे बघायची लाज वाटते.

विहिरी आता पार खारट झाल्यात. पलीकडून टँकर येतात, त्याच पुलावरून. त्यातला एक मी चालवतो. दुसरं करणार काय होतो?

परवा टँकर दारात लावून मी घरात घागर भरून दिली. ताई ऑफिसातून नुकतीच आली होती. तिने आईचं डोकं उचलून भांडं तोंडाला लावलं. आईचं बोलणं हल्ली जड झालंय, तरी दोन घोट घेऊन ती स्पष्ट म्हणाली, "गोडं आहे गं. आणलंस बाई शेवटी."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हो आई, आणलं."

मग भांडं ठेवून ती बाहेर आली आणि टँकरचा गळका नळ आवळत बसली.