मला न पाहता दिलेली शिफारस

पायलटचं लायसन्स हातात येऊन दोन वर्षं झाली, तरी मी नेरुळच्या आमच्या फ्लॅटमध्ये घरीच होते. बरोबरचे एकेक करून नोकरीला लागले. कसा लागलास म्हणून विचारलं की प्रत्येक जण आधी परीक्षेचं आणि मुलाखतीचं सांगायचा आणि फोन ठेवता ठेवता म्हणायचा, "आतून एक रेफरन्स होता." मला आतून कुणीच नव्हतं. बाहेरून फक्त बाबा होते.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे, बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात ओळखीशिवाय त्यांचं एकही काम झालेलं नाही, आणि याचा त्यांना अभिमानच आहे. चारित्र्याच्या दाखल्यासाठी लोक त्यांच्याकडे यायचे. बाबा कागद साहेबांपुढे सरकवायचे, साहेब मान वर न करता सही ठोकायचे: 'मी यांना गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो.' ज्याला पाच वर्षं ओळखतो, तो माणूस तेव्हा बाहेर बाकावर बसून साहेब दिसायला कसे असतील याचा विचार करत असायचा. यात बाबांना काही गैर वाटत नसे. खरं सांगायचं तर मलाही नाही, कारण कॉलेजसाठी माझा दाखला तसाच आला होता.

तर सकाळी फिरायच्या ट्रॅकवर बाबांना एका विमान कंपनीतले कॅप्टन भेटले. बाबांनी पंधरा दिवस त्यांच्या वेगाने चालून स्वतःचे गुडघे दुखवून घेतले आणि मग माझा विषय काढला.

"साहेब, पोरगी हुशार हाय. तुमचा एक शब्द पडला तर काम होईल बघा."

"काका, ऑनलाइन फॉर्म असतो. मी भरतो ना, टेन्शन कशाला घेता?"

त्यांनी खरंच भरला. बाबा त्याची प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घेऊन आले. आईने ती आधी देवापुढे ठेवली आणि मग माझ्या हातात दिली. उमेदवाराचं काम तुम्ही स्वतः पाहिलं आहे का, या प्रश्नाखाली कॅप्टननी लिहिलं होतं: हो, सिम्युलेटरमध्ये. हात सफाईदार, डोकं थंड.

सिम्युलेटर, आमच्या भाषेत सिम, म्हणजे जमिनीवरचं सरावाचं कॉकपिट. त्यात या माणसाबरोबर बसणं सोडाच, मी त्यांना ट्रॅकवरसुद्धा फक्त पाठमोरं पाहिलं होतं.

"बाबा, हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? चांगलंच लिहिलंय न्हवं?"

"त्यांनी मला विमान चालवताना पाहिलेलं नाही."

"मग तुला येत नाही का चालवाय?"

येत होतं. बाबांच्या लेखी विषय तिथेच संपला.

मुलाखतीला समोर तिघे जण होते. मधल्याने फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, "आमच्या कॅप्टननी तुम्हाला सिममध्ये पाहिलंय म्हणतात. कधी?"

खरं सांगितलं तर माझी नोकरी गेली, त्या भल्या माणसाची अब्रू गेली आणि बाबांना ट्रॅकवर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. खोटं सांगितलं तर सिमच्या नोंदी एका फोनवर बाहेर येणार होत्या.

"मागच्या वर्षी, सर. डिसेंबरमध्ये."

त्याने काहीतरी लिहून घेतलं. पुढे काय विचारलं आणि मी काय बोलले, ते मला अजिबात आठवत नाही.

नोकरी लागली. बाबांनी सोसायटीत मजल्यागणिक पेढे वाटले. पुढे कंपनीने ट्रेनिंगमध्ये मला पार पिळून काढलं आणि सगळ्या परीक्षांत मी पास झाले, तेव्हा माझ्या विमानात बसलेल्यांनी घाबरायचं कारण नव्हतं. घाबरत होते मी. ऑफिसमधून फोन आला की वाटायचं, निघाल्या नोंदी. दर महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, उघडताना पहिल्यांदा त्या कॅप्टनांचं नाव शोधायचे आणि नसलं की श्वास सोडायचे.

मग एका महिन्यात ते नाव आलं. रविवारी सकाळी, गोव्याची फ्लाइट.

"तू नेरुळच्या काकांची," ते म्हणाले. मी हो म्हटलं. दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे. तेवढी उंची गाठेपर्यंतची मिनिटं मला संपता संपेनात.

"मुलाखतीत विचारलं होतं त्यांनी? सिमचं?"

"हो सर. मी डिसेंबर सांगितलं."



"मलाही फोन आला होता," ते म्हणाले. "मी मार्च सांगितलं."

"तरी मला घेतलं?"

"म्हणजे दोन्ही कागद कुणी शेजारी ठेवून बघितलेच नाहीत."

पकडले जायची माझी भीती त्या क्षणी संपायला हवी होती. उलट, कागद कुणी बघतच नाही, याचीच भीती वाटायला लागली.

"लँडिंग तू कर," ते म्हणाले. "मला एकदा बघू दे."

मी केलं. चांगलं झालं. इंजिनं बंद झाली, प्रवासी उतरले, मागे सफाईवाले आले, तेव्हा त्यांनी फोन काढला. घरी करत असतील असं मला वाटलं. पण त्यांनी विमानं दाखवणारा नकाशा उघडला.

"काकांनी तुझ्यानंतर अजून दोघं पाठवले. ट्रॅकवरच्या लोकांचीच मुलं. नाही म्हणवेना. त्यांनाही मी कधी पाहिलं नाही." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "रोज रोस्टर काढून तुम्हा तिघांच्या फ्लाइट बघतो. उतरल्याचं कळल्याशिवाय घास जात नाही."

बाबा मला यातलं एका शब्दाने बोलले नव्हते.

"आज?" मी विचारलं.

"एक उतरलाय. दुसरा अजून वर आहे."

परतीचे प्रवासी आत यायला अजून वीस मिनिटं होती. त्यांनी फोन आमच्या दोघांच्या मधे ठेवला आणि आम्ही ते विमान खाली येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.